जुन्या मोहल्ल्यातला अडकित्ता

आईची पिठाची चाळणी एक दिवस गायब झाली आणि तिसऱ्या दिवशी बाबांच्या दुकानात सापडली, तेव्हा तिला जाळी उरली नव्हती. उरली होती ती नुसती लाकडी कड. तिच्यावर बाबांनी तांब्याची बारीक तार इतकी नेटकी गुंडाळली होती, की भांडायच्या तयारीने आलेली आई क्षणभर बघतच राहिली. मग भानावर येऊन म्हणाली, "आता मी पीठ कशानं चाळू?" बाबा मान वर न करता म्हणाले, "संध्याकाळपर्यंत होऊन जाईन." दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. आईलाही हसू आवरेना. बाबांची अशी उत्तरं आमच्याकडे प्रसिद्ध होती. कुणी काही विचारावं आणि त्यांनी भलतंच काही गंभीर चेहऱ्याने सांगावं. पाहुणे म्हणत, तुमच्या घरी करमत नाही असं कधी होतच नसेल.

घर आमचं नंदनवन वस्तीत होतं आणि दुकान महाल भागात, एका बोळात. दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही, एवढंच. तिथे बाबा रेडिओ दुरुस्त करत, टेपरेकॉर्डर दुरुस्त करत, आणि पुढे टीव्ही आले तेव्हा तेही करू लागले. मी कॉलेज सुटलं की तिथे जाऊन बसायची. पावत्या लिहायच्या, सुटे स्क्रू डब्यांतून वेगळे करायचे, चहा सांगायचा. दुकानातला रेडिओ असा मोठ्याने चालायचा की समोरचा टेलर दिवसातून तीनदा ओरडे, "भाऊ, आवाज कमी करा ना! छातीचं माप कानात शिरून राहिलं!" बाबा त्याला हात हलवून नमस्कार करत. रेडिओ दुरुस्त झाला की बाबांची एक लकब होती. स्पीकरच्या काळ्या कागदावर ते दोन बोटं ठेवत, डोळे मिटत, आणि मग म्हणत, "झाला." मला वाटे, हे फार वरच्या दर्जाचं कसब आहे. मैत्रिणींना मी छाती फुगवून सांगायची, की माझ्या बाबांना रेडिओ नुसता हात लावून कळतो. आज लिहिताना माझंच मला हसू येतं. माझ्या दोन्ही कानांत आता यंत्रं आहेत आणि नातवाने हळू आवाजात मागितलेले पैसे मला हटकून ऐकू येत नाहीत. पण तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची होते, आणि त्या वयात आईबापांकडे बघायचं सोडून सगळीकडे बघणं चालू असतं.

चाळणीच्या कडेला बाबांनी मच्छरदाणीचा बांबू जोडला, बांबूला साबणाची प्लास्टिकची डबी बांधली, डबीत दोन-चार ट्रान्झिस्टर आणि बॅटरी बसवली, आणि तारेच्या टोकाला कानाला लावायचं हेडफोन. रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका जुन्या मासिकात त्याची आकृती होती. जमिनीत धातू असला की हेडफोनमधली बारीक शिट्टी चढत जाते, एवढंच त्या यंत्राचं काम. पहिल्या दिवशी त्यांनी पोत्याखाली चमचा लपवला, हेडफोन माझ्या डोक्यावर चढवलं आणि विचारलं, "वाजलं?" मी म्हटलं, वाजलं. त्यांनी यंत्र उचललं. "आता?" नाही. "आता?" वाजलं. असं वीस-पंचवीस वेळा झालं तेव्हा मी कंटाळून म्हटलं, "तुम्हीच घाला ना." तर म्हणाले, "तुहे कान कोवळे आहेत. कोवळ्या कानाले बारीक फरक कळते." हेही मला कौतुकच वाटलं.

घरी त्या यंत्राने उच्छाद मांडला. भिंतीतले खिळे सापडले, पलंगाच्या गादीत शिरलेली आईची सुई सापडली, आणि आत्याबाई आली तेव्हा तर ते तिच्यासमोर थांबेचना. आत्याबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण, सोनाबाई. दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दिवसातून एकदा आमच्या घराची तपासणी करून जायची. अंगाने चांगली भरलेली, आवाज त्याहून भरलेला. कानात, गळ्यात, हातात, कमरेच्या किल्ल्यांत, जिथे यंत्र न्यावं तिथे शिट्टी. मी हसून हसून खाली बसले. आत्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे मले पाहूनच काहून बोंबलते वं? म्या काय याच्या बापाचं खाल्लं?" मग तिला यंत्राचा उपयोग सांगितला. ती गप्प झाली. आत्याबाई गप्प झाली की आई लगेच चहा टाकायची, कारण पुढे काय येणार ते तिला ठाऊक असे. "बारक्या," आत्याबाई बाबांना म्हणाली, "मंग जुन्या मोहल्ल्यात चालव ना हे. एकदाचं कळू दे साऱ्याइले, चोर कोण होता तं."

ही चोरी आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखी कायमची लावलेली होती, म्हणून ती सांगितली पाहिजे. खापरखेड्याच्या बाजूला, नदीकाठी, गावापासून जरा हटून आमच्या लोकांचा मोहल्ला होता. तीस-एक मातीची घरं. त्यातलं एक आजोबांचं. आजोबांना सगळे आबा म्हणत. आबांकडे एक अडकित्ता होता, पितळी मुठींचा, मुठीवर मोराची मान कोरलेली. असा अडकित्ता गावातल्या पाटलाकडेही नव्हता, असं आमच्याकडे सांगत. पाटलाकडच्या माणसांनी ते कधी मान्य केल्याचं मात्र ऐकलं नाही. एका पावसाळ्यात नदी चढली, माणसं दुपारीच सामान डोक्यावर घेऊन टेकडीवर गेली आणि संध्याकाळपर्यंत मोहल्ला पाण्यात विरघळला. सगळी माणसं वाचली, शेळ्या वाचल्या, मडकीसुद्धा वाचली. अडकित्ता तेवढा नव्हता. आत्याबाईचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, म्हणाले की हिने तो सासरी न्यायला पेटीत दडवला. आत्याबाई म्हणाली, यानेच तो आपल्या दोस्ताला देऊन टाकला. आबा दगडाने सुपारी फोडत राहिले आणि दोघांनाही शिव्या देत राहिले. पुढे ते दोघं बोलत होते, पण बोलण्यात खडा होता. आबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भिक्खू जेवून उठले न उठले तोच, तो खडा दाताखाली आला. त्या दिवसापासून अकरा वर्षं बहीण-भाऊ बोलले नव्हते. मोठे बाबा नवीन वस्तीवरच राहायचे. त्यांच्या मुलाच्या लग्नात आत्याबाई गेली, आहेर दिला, आणि मांडवाच्या बाहेर झाडाखाली बसून जेवून आली.

आत्याबाईच्या सूचनेने बाबांचा चेहरा कसा झाला होता, ते मला आजही आठवतं. आनंदाचा म्हणावा तर नव्हता. ते बांबूवरून हात फिरवत म्हणाले, "दादाले पण बोलावतो मंग." आत्याबाई म्हणाली, "बोलाव. मी त्याच्याशी बोलणार नाई, एवढं सांगून ठेवजो."

रविवारी आम्ही बसने गेलो. थंडीचे दिवस होते. आत्याबाईने पहाटे उठून मडक्यावर लांब रोट्या केल्या होत्या, रुमालासारख्या पातळ, आणि वांग्याचं भरीत, वर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि एका डब्यात हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या डब्याचा वास बसभर फिरत होता, आणि यंत्राचा बांबू खिडकीतून बाहेर निघालेला. कंडक्टरने विचारलं, "हे काय आहे, बाप्पा?" बाबा म्हणाले, "तीन. दोन मोठे, एक कॉलेजचं."

जुना मोहल्ला म्हणजे आता काहीच नव्हता. वाळलेलं तरोट्याचं तण, चार पळस, आणि मातीचे उंचवटे, तेही शेळ्यांनी तुडवून सपाट केलेले. तिथे घरं होती असं कुणी सांगितलं नसतं तर आपण ते रान म्हणून ओलांडून गेलो असतो. मोठे बाबा आधीच येऊन उभे होते. उंच, काटकुळे, डोक्याला पंचा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांनी बाबांना जयभीम घातला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आत्याबाईच्या शेजारच्या पळसाकडे फार लक्ष देऊन पाहिलं.

पहिला प्रश्न असा निघाला की घर होतं कुठे. मोठे बाबा म्हणाले, दार नदीकडे होतं आणि ते इथे. आत्याबाई मला म्हणाली, "त्याले सांग वं कुंदा, दार उगवतीले होतं. सकाळी उन्ह माह्या तोंडावर ये." मी सांगितलं. ते चार हातांवर उभे होते, त्यांनी ते ऐकलंच होतं, तरी मी सांगितलं. मोठे बाबा म्हणाले, "तिले सांग, उन्ह भिताडाच्या भोकातून ये. भोक म्हणजे दार नाई." आत्याबाईने पदर खोचला आणि सरळ जमिनीवर बसली. डावा हात लांब करून म्हणाली, "हे चूल." मागे हात टाकून म्हणाली, "हे पिठाचं मडकं." मग अंग उजवीकडे कलवून म्हणाली, "अन् इथून आबाचे पाय दिसत." असं तिने तीन वेगवेगळ्या जागी बसून पाहिलं. तिसऱ्या ठिकाणी बसल्यावर मात्र ती नुसती मातीवरून हात फिरवत राहिली. मोठे बाबाही पंचा सोडून पुन्हा बांधू लागले. मग मला न सांगता, थेट म्हणाले, "होय. इथीच."

मी हेडफोन घातलं आणि फिरू लागले. बाबा पुढे बोट दाखवत, मी चाळणी फिरवत, शिट्टी चढली की हात वर करत, आणि मोठे बाबा सब्बल, म्हणजे पहार, घालत. एक एक निघू लागलं. गंजून भाकरीच्या तुकड्यासारखे झालेले खिळे. बैलाची नाल. उलथण्याचं टोक. विळ्याचा अर्धा भाग. सायकलच्या घंटीची वाटी निघाली तेव्हा मोठ्या बाबांनी ती छातीशी धरली. "कुण्या सायकलची गा? मोहल्ल्यात सायकल कुठी होती?" "दादा, तुम्हीच आणली होती ना बजारातून, नुसती घंटी," आत्याबाई म्हणाली, "मागून सायकल घेऊ म्हणत!" मग अकरा वर्षांत पहिल्यांदा आपण त्याच्याशी बोललो हे तिच्या लक्षात आलं आणि तिने घाईघाईने माझ्याकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

तोवर नवीन वस्तीवरून माणसं जमली होती. कुणी म्हणे पाण्याची लाइन शोधून राहिले, कुणी म्हणे गुप्तधन. एक म्हातारा तर लिंबू घेऊनच आला होता. मोठे बाबा घाम पुसत त्याला म्हणाले, "काका, आमच्या घरात उघडं धन नव्हतं, गुप्त कुठून येईन? ते लिंबू द्या इकडं, भरितावर पिळू." लोक हसले, पण गेले कुणी नाहीत.

दुपार चढली. माझे कान तापले म्हणून मी हेडफोन काढलं आणि पाणी प्यायला गेले. बाबांनी ते डोक्यावर घातलं आणि यंत्र घेऊन हळूहळू फिरू लागले. फिरता फिरता ते आम्ही लोखंड टाकलेल्या घमेल्यावर आले. चाळणी नेमकी घमेल्यावर. मी पाच-सहा हातांवर होते, आणि तिथपर्यंत मला हेडफोनची शिट्टी ऐकू आली, कुकरसारखी किंचाळणारी. बाबांचे डोळे दूर पळसाकडे होते. चेहऱ्यावर काही नाही. घमेल्यावर ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथी काही नाई."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. दुकानातला तो मोठा आवाज, कागदावर ठेवलेली ती दोन बोटं, कंडक्टरला दिलेलं उत्तर, सगळं एकामागून एक माझ्या डोळ्यांपुढून गेलं. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, आणि त्याला रेडिओ ऐकू येत नाही. बाबांनी खाली पाहिलं, घमेलं पाहिलं, मग मला पाहिलं. त्यांनी काही खूण केली नाही. नुसतं हेडफोन काढून माझ्यापुढे धरलं, जसं एखादं मूल चोरलेली वस्तू परत करतं तसं. मी ते घातलं. त्यांनी माझा खांदा धरला आणि मला एका जागी नेऊन उभं केलं, चुलीच्या पलीकडे, कोपऱ्याकडे. "इथी पाह," म्हणाले. काही वाजलं नाही. त्यांनी मला वीतभर सरकवलं. "इथी?" आणखी वीतभर. शिट्टी चढली.

मोठ्या बाबांनी सब्बल घातली, मग सब्बल टाकून हातांनी माती काढू लागले. हातभर खाली हिरवट पडलेली मोराची मान निघाली.  अडकित्ता पुरा वर आला तेव्हा दिसलं की त्याचा मधला खिळा गेलेला आहे आणि दोन्ही पाती तारेने एकमेकांना बांधली आहेत. तार काळी पडली होती, पण तिचे वेढे एकाला एक लागून, मोजून घातल्यासारखे सरळ होते. आत्याबाईने अडकित्ता पाहिला. मग बाबांच्या हातातल्या यंत्राची कड पाहिली. मग पुन्हा अडकित्ता. "माय वं," ती म्हणाली, "हे तं बारक्यानं बांधलं!"

बाबा उकिडवे बसले आणि सांगू लागले. नऊ वर्षांचे होते तेव्हा ते. खेळण्यासाठी तार तोडायची होती, अडकित्त्याने तोडायला गेले आणि खिळा निसटून पडला. मग त्याच तारेने तो बांधला, पण सुपारी काही कातरेना. आबांच्या मारापायी पाण्याच्या रांजणाखाली पुरून ठेवला, की उद्या काढू आणि नीट करू. "उद्या घरच नव्हतं," बाबा म्हणाले. "आधी आबाचं भेव होतं. मंग तुमचं भांडण झालं. मंग सांगाले लय उशीर झाला."

त्यानंतर जे झालं ते वस्तीवरचे लोक पुढे कित्येक वर्षं सांगत. बहीण-भाऊ, जे अकरा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते खांद्याला खांदा लावून धाकट्यावर तुटून पडले. "अकरा वर्षं म्या इच्या घरचा चहा नाई पेलो!" "अन् म्या याच्या पोराच्या लग्नात कुत्र्यासारखी बाहेर जेवली!" "भैताडा, एक शब्द बोलाले काय झालं होतं?" "सांग ना दादा याले, सांग!" दोघंही एकदम बोलत होते आणि एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. बाबा खाली मान घालून हसत होते. ते हसणं बघून आत्याबाई आणखी भडकली. तिने मागून येऊन विचारलं, "बारक्या, तुले लाज वाटते का नाई?"

बाबा म्हणाले, "हो, बसू. मलेही भूक लागली."

लोक हसले. मोठे बाबाही हसले. मी हसले नाही, आणि आत्याबाईने माझ्याकडे पाहिलं. मग ती बाबांच्या पाठीमागेच उभी राहून, आवाज न वाढवता म्हणाली, "बारक्या." ते वळले नाहीत. ती पुन्हा म्हणाली. ते मातीत बोटाने रेघ ओढत होते. आत्याबाई फिरून त्यांच्यासमोर आली, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली, आणि त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "कधीपासून?" असं तिने ओठ मोठे करून विचारलं. बाबा म्हणाले, "होऊन गेले चार-पाच वर्षं. दुकान चालते. बोटाले कळते." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गिऱ्हाइकाले सांगजा नको."

आम्ही तिथेच, चुलीच्या जागेवर, जेवलो. लांब रोट्या थंड होऊन मऊ पडल्या होत्या. आत्याबाईने पहिला घास बाबांना दिला की मोठ्या बाबांना, यावर आई आणि मोठ्या आईत पुढे वाद होत, पण त्या दोघी तिथे नव्हत्याच. मी होते. तिने कुणालाही दिला नाही. ती स्वतः रडत होती आणि भरभर जेवत होती. ठेचा फार तिखट झाला आहे, असं मोठे बाबा तीनदा म्हणाले, म्हणजे सगळ्यांनाच डोळे पुसायला सोय झाली.

सोमवारपासून मी दुकानात बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसू लागले. ते बोटं ठेवत, मी ऐकत, आणि "खरखर आहे," किंवा "झाला" असं त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारून सांगत असे. खरखरीला एक टिचकी, झाला तर दोन. पुढे त्या स्टुलावरून मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेले आणि पोरींनी असलं काही शिकायचं नसतं म्हणणाऱ्या नातेवाइकांना आत्याबाईने एकटीने तोंड दिलं. कानाचं यंत्र बाबांनी फार उशिरा घेतलं, आणि घेतल्यावर पहिली तक्रार केली ती ही, की समोरचा टेलर फार ओरडतो.

पण मला त्या रविवारची परतीची बस जास्त आठवते. आत्याबाई मोठ्या बाबांकडे मुक्कामाला राहिली होती. बसमध्ये बाबा खिडकीशी, बांबू मांडीवर, आणि मी शेजारी. बराच वेळ ते बाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळून, ओशाळं हसून म्हणाले, "कशी वाजते वं ते?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. इतके दिवस खपून, चाळणी तोडून, एक एक वेढा मोजून त्यांनी जे बनवलं होतं, ते त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "शिट्टीसारखी." त्यांनी मान हलवली. शिट्टीसारखी म्हणजे कशी, ते त्यांना हवं होतं. बस भरलेली होती, मागे कॉलेजची मुलं होती, त्यातला एक तर आमच्याच वर्गातला. मी बाबांच्या कानाला दोन्ही हातांचा द्रोण लावला आणि जमेल तेवढ्या मोठ्याने, जाडपासून बारीक होत जाणारा, "ऊंऊंऊंईंईंईं" असा आवाज काढला. आख्खी बस वळली. कंडक्टरने घंटीच्या दोरीवर हात ठेवला. बाबांनी डोळे मिटले होते. मी श्वास घेऊन पुन्हा काढला, आणखी मोठ्याने.

"हां," बाबा डोळे उघडून म्हणाले. "मंग बरोबर बनली."